पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्याचा पट्टा : निवड आणि निगा

कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा ही वस्तू इतकी परिचयाची आहे की तिचा स्वतंत्र विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. बाजारात जावे, रंग पाहावा, गळ्याभोवती बसेल की नाही हे अदमासाने ठरवावे आणि पट्टा विकत घ्यावा, एवढ्यावर हा व्यवहार आटोपतो. जमिनीवर वावरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ह्या बेफिकिरीने फारसे बिघडत नाही. परंतु कुत्रे पाण्यात पोहू लागले म्हणजे तोच पट्टा एक निराळी वस्तू होऊन बसतो. त्याचे वजन, त्याची लांबी, त्याची बळकटी, गळ्यावरील त्याची पकड आणि कातडीवर होणारा त्याचा परिणाम ही सर्वच बदलतात. ह्या बदलांची कारणे काय आणि त्यांस अनुसरून पट्ट्याची निवड व निगा कशी करावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन केवळ पुस्तकी राहू नये म्हणून नाशिकजवळील एकलहरे हे गाव व त्याच्या आसपासचा गोदाकाठ आम्ही उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवला आहे. ह्या भागात कुत्र्याच्या पट्ट्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात आणि म्हणून प्रश्नाचे स्वरूप येथे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

रात्रीचा पट्टा

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्र १९७० च्या दशकापासून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु केंद्राच्या धुराड्यांपलीकडे पाहिले तर हा मुलूख शेतीचाच आहे. गोदावरी व दारणा ह्या नद्यांच्या काठी ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला पिकतो. शेतकरी मळ्यात वस्ती करून राहतात आणि वस्तीवर कुत्रे असतेच. उसाच्या दाट पिकात बिबट्यास आडोसा मिळतो, आणि वस्तीवरील कुत्रे हे त्याचे सर्वांत सुलभ भक्ष्य ठरते. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास ह्या संदर्भात महत्त्वाचा आहे. २०१६ साली 'ऑरिक्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार तेथील बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता आणि त्यांपैकी एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. दारणाकाठच्या गावांनीही २०२० साली बिबट्याच्या हल्ल्यांचा कटू अनुभव घेतलेला आहे.

बिबट्या आपले भक्ष्य गळ्याशी धरतो. म्हणूनच मेंढपाळ आणि शेतकरी कुत्र्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा जाड पट्टा बांधतात. ही युक्ती फार प्राचीन आहे. रोमन ग्रंथकार व्हारो ह्याने इ. स. पू. ३७ च्या सुमारास रचलेल्या शेतीविषयक ग्रंथात अशा पट्ट्याचे वर्णन केले आहे. भक्कम कातड्याच्या पट्ट्यात डोक्यांचे खिळे ठोकावे आणि लोखंड मानेस टोचू नये म्हणून खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडे शिवून घ्यावे, असे तो सांगतो. असा पट्टा ल्यालेल्या एखाद्या कुत्र्यामुळे लांडगा एकदा जखमी झाला की पट्टा नसलेली इतर कुत्रीही सुरक्षित राहतात, असेही त्याचे निरीक्षण आहे. दोन सहस्र वर्षांनंतरही ह्या युक्तीचा लोप झालेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या भयाने माणसांनीच आपल्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. तेव्हा रात्रीच्या ह्या पट्ट्याची गरज कोणी हसण्यावारी नेऊ नये.

प्रश्न उद्भवतो तो दिवसा. उन्हाळ्यात उष्म्याने त्रासलेले कुत्रे नदीत, कालव्यात किंवा शेततळ्यात उतरते, आणि त्या वेळी रात्रीचा पट्टा त्याच्या गळ्यात तसाच असतो. रात्रीच्या पट्ट्याचे गुण म्हणजे जाडी, वजन, टोके आणि काही केल्या न सुटणारी बकल. पाण्यात नेमके हेच चारही गुण दोष ठरतात.

पाण्यातील वजनाचा हिशेब

भिजलेला पट्टा जड होतो आणि म्हणून पोहणाऱ्या कुत्र्यास खाली ओढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कातड्याने किंवा कापसाने शोषून घेतलेले पाणी हे भोवतालच्या पाण्याइतक्याच घनतेचे असल्यामुळे, पट्टा पाण्यात बुडालेला असेतोवर त्या शोषलेल्या पाण्याचा भार मानेवर पडत नाही. तो भार जाणवू लागतो तो कुत्रे काठावर आल्यानंतर. लोखंडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. लोखंड पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट घन असते. खिळे, कड्या व साखळीचा तुकडा मिळून ६०० ग्रॅम लोखंड पट्ट्यात आहे असे मानले, तर त्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन अवघे ७६ ग्रॅम भरते. अर्थात पाण्यातही सुमारे ५२४ ग्रॅमचा भार मानेवर कायम राहतो.

अर्धा किलो म्हणजे काही फार नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु कुत्र्याच्या शरीराची सरासरी घनता पाण्याच्या जवळपास असते. त्यामुळे पाण्यावर राहिलेला डोक्याचा भाग तोलून धरण्यापुरतेच बळ त्याच्यापाशी शिल्लक असते. नाक, डोळे आणि कपाळ मिळून सुमारे १ किलो वजनाचा भाग पाण्याबाहेर आहे असे गृहीत धरले, तर लोखंडी पट्ट्याने तो भार एकदम दीडपट होतो. शिवाय हा भार पाठीवर न पडता नाकाच्या अगदी जवळ, गळ्याशी पडतो. परिणामी कुत्रे मान अधिक ताठ करते, मागचा भाग खाली जातो, शरीर आडवे न राहता तिरपे होते आणि पुढे सरकण्यास अधिक श्रम पडू लागतात. दमलेल्या किंवा वयस्कर कुत्र्याच्या बाबतीत हा फरक जीवघेणा ठरू शकतो. ह्यावरून पहिला नियम असा निघतो की, पाण्यात जावयाच्या पट्ट्यात धातूचा अंश शक्य तितका कमी असावा आणि साखळीचा किंवा खिळ्यांचा पट्टा पाण्याकाठी आधी काढून ठेवावा.

अडकल्यास काय होते

वजनापेक्षाही मोठा धोका अडकण्याचा आहे. गोदावरीच्या ह्या भागात पाणवेलींचे दाट थर साचतात. पुराने वाहून आलेल्या फांद्या, जुनी जाळी, काटेरी तारा व प्लॅस्टिकच्या दोऱ्या त्यांत गुंतलेल्या असतात. २०१६ व २०१९ सालच्या ऑगस्टमधील महापुरांनंतर असा किती कचरा काठावर उरतो हे ह्या गावांनी पाहिलेलेच आहे. पट्ट्याची लोंबती कडी, मोकळे टोक किंवा खिळा अशा एखाद्या फांदीत गुंतला की कुत्रे गळ्याने बांधल्यासारखे होते, आणि वाहते पाणी त्याच्या शरीरास सतत रेटीत राहते.

हा रेटा किती असेल ह्याचा स्थूल अंदाज करता येतो. प्रवाहासमोर येणारे शरीराचे क्षेत्र २० सेंटिमीटर गुणिले ३० सेंटिमीटर एवढे आणि रोधाचा गुणांक १ धरला, तर प्रवाहाचा वेग सेकंदास १ मीटर असताना गळ्यावरील ओढ सुमारे ३ किलोच्या वजनाइतकी येते. वेग दुप्पट झाला की ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे १२ किलोइतकी होते. आणि सेकंदास ३ मीटर वेगात ती २७ किलोंच्या पुढे जाते. ओढ ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे कारण होय. काल ज्या पाण्यात कुत्रे मजेत पोहत होते तेच पाणी वरच्या गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्यावर किती बदलते, हे ह्या आकड्यांवरून ध्यानात यावे.

येथे बकलेच्या रचनेस महत्त्व येते. बाजारात सामान्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला, काटा व भोके असलेली जुनी बकल. ती अत्यंत भरवशाची असली तरी ती सोडवावयाची तर पट्टा आधी आणखी आवळून काटा भोकातून काढावा लागतो. पट्टा ताणलेला असताना आणि कुत्रे गुदमरत असताना हे जवळजवळ अशक्य असते. दुसरा प्रकार दोन्ही बाजूंनी दाबून उघडणाऱ्या प्लॅस्टिकच्या बकलेचा. ती ताणाखाली थोडी अडून बसते. पण उघडण्यासाठी पट्टा अधिक आवळावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. तिसरा प्रकार म्हणजे ठराविक ओढ बसताच आपोआप सुटणारी बकल. कोणी जवळ नसतानाही ती कुत्र्याची सुटका करते. अशा काही पट्ट्यांस बकलेच्या दोन्ही बाजूंस एकेक कडी असते; जमिनीवर दोरी दोन्ही कड्यांत मिळून अडकविली म्हणजे ओढ बकलेवर येत नाही आणि ती अकारण सुटत नाही. मोकळ्या पाण्यात पट्टा ठेवावयाचाच असेल तर हा तिसरा प्रकार सर्वांत योग्य होय.

मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. पट्टा भिजवून, गोल धरून, बकल लावून खुंटीवर टांगावा आणि त्यात वाळूची पिशवी अडकवून वजन क्रमाने वाढवीत जावे. २० किलो वजनाच्या कुत्र्याचा पट्टा १० किलोंच्या आत सुटावा, असे वरील हिशेबावरून आमचे मत आहे. गाळाने भरलेली बकल ह्याहून अधिक भारासही सुटत नाही असे आढळल्यास ती धुऊन पुन्हा पाहावी. तरीही न सुटल्यास टाकून द्यावी.

ओढताच आवळत जाणारा फासाचा पट्टा आणि तशीच साखळी ह्यांस पाण्यात कोणतेही स्थान नाही. त्याचप्रमाणे गळ्यातील पट्ट्याला दोरी बांधून कुत्र्यास वाहत्या पाण्यात सोडणे हे हितकर वाटले तरी घातकच आहे, कारण दोरी खडकास किंवा झुडपास गुंतली की वर वर्णिलेली सर्व ओढ गळ्यावर येते. खोल पाण्यात कुत्र्यास आधार द्यावयाचा असल्यास पाठीवर मूठ असलेले तरंगते जाकीट वापरावे. त्यामुळे उचलण्याचा भार छातीवर व पोटावर विभागला जातो. बंधाऱ्याच्या लगत मात्र कुत्र्यास मुळीच जाऊ देऊ नये. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि तरंगती वस्तू पुनःपुन्हा बंधाऱ्याकडे खेचून घेते. तेथे पट्ट्याची निवड किंवा मालकाचे धाडस ह्यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही.

पट्ट्याचे द्रव्य

कातडे : बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने अथवा हिरड्याने कमावलेले कातडे कोरडे असताना उत्तम असते; मानेस ते मऊ लागते आणि वर्षानुवर्षे टिकते. पण कातडे म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचे विणलेले जाळेच होय. पाणी ह्या जाळ्यात शिरले की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि पट्टा लांबतो. वाळताना तेच तंतू परस्परांस चिकटून आखडतात. भिजण्या-वाळण्याच्या प्रत्येक आवर्तनात आतील तेलाचा अंश कमी होत जातो आणि अखेर कातड्यास भेगा पडतात. सालीचा तपकिरी रंग फिक्या केसांवर उतरतो तो निराळाच. जो पट्टा भिजलेला असताना सैल वाटला म्हणून एक भोक आवळला, तोच सायंकाळी वाळल्यावर फास होऊ शकतो, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

कापसाची नवार : ओला कापूस कोरड्याहून काहीसा बळकटच असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचा दोष बळकटीत नसून ओल धरून ठेवण्यात आहे. भिजल्यावर धागे जाड होतात, विण घट्ट होते आणि दिलेली गाठ सुटेनाशी होते. नवार वाळण्यास वेळ लागतो, तिला बुरशी धरते आणि मग ती कुजते. गाठ मारून बांधलेला कापसाचा पट्टा किंवा दोरी घेऊन कुत्रे पाण्यात कधीच जाऊ देऊ नये.

नायलॉन, पॉलिएस्टर व पॉलिप्रोपिलिन : आजचे बहुतेक पट्टे ह्या तिहींपैकी एखाद्या कृत्रिम धाग्याचे असतात आणि सर्व 'नायलॉनचे' म्हणूनच विकले जातात; पण त्यांचे गुण भिन्न आहेत. सामान्य दमट हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओल धरते, पॉलिएस्टर सुमारे ०.४ टक्के, तर पॉलिप्रोपिलिन जवळजवळ काहीच धरीत नाही. भिजलेले नायलॉन किंचित लांबते आणि त्याचे बळ सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटते. पॉलिएस्टरमध्ये हा फरक नगण्य असतो व उन्हासही ते अधिक टिकते. पॉलिप्रोपिलिनची घनता ०.९१ असल्यामुळे ते पाण्यावर तरंगते. सुटून पडलेला पट्टा बुडत नाही हा त्याचा फायदा होय. परंतु ऊन त्यास लवकर ठिसूळ करते, आणि त्याच्या कडा मानेस खरखरीत लागतात. कोणता धागा आहे हे कळत नसल्यास एक साधी कसोटी आहे. पट्ट्याचा कापलेला लहानसा तुकडा पाण्यात दाबून, चिकटलेली हवा काढून सोडावा. तो तरंगला तर पॉलिप्रोपिलिन, बुडाला तर इतर दोहोंपैकी एक समजावा.

लेप दिलेली पट्टी : पॉलिएस्टरच्या पट्टीवर मऊ प्लॅस्टिकचा अखंड लेप दिलेला पट्टा अलीकडे मिळू लागला आहे; 'बायोथेन' ह्या व्यापारी नावाने त्याचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. विणीच्या फटी लेपाखाली झाकल्या गेल्यामुळे त्यात पाणी, गाळ किंवा दुर्गंधी मुरत नाही आणि फडक्याने पुसताच तो कोरडा होतो. वारंवार पोहणाऱ्या कुत्र्यास द्रव्याच्या दृष्टीने हा सर्वांत सोयीचा होय. मात्र भोके पाडलेल्या जागी व कापलेल्या टोकांशी आतील धागा उघडा राहतो. तेथून लेप सुटू लागला म्हणजे पट्टा बदलावा. असा पट्टा बहुधा काट्याच्या बकलेचा असतो, म्हणून घेताना बकल कोणती आहे हे आधी पाहावे.

धातू व त्याची परीक्षा

नव्या पट्ट्याची कडी कोणतीही असली तरी चकाकते. खरा धातू कळतो तो पावसाळ्यानंतर. लोखंडावर निकेलाचा किंवा पितळेचा मुलामा दिलेला असेल तर मुलाम्यास चरा पडताच आतील लोखंड गंजते आणि कडीचा जोड आतून खचतो. ह्यासाठी घरातील लोहचुंबक पुरेसा आहे. 'पितळी' म्हणून घेतलेली कडी चुंबकास जोराने चिकटली तर ती पितळेची नव्हे. नेहमीचे स्टेनलेस पोलाद, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, चुंबकास चिकटत नाही किंवा अगदी अल्प प्रमाणात चिकटते. गोड्या पाण्यास हे पोलाद अथवा भरीव पितळ पुरते. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले पोलाद घ्यावे, कारण मीठ साध्या पोलादासही सूक्ष्म छिद्रे पाडते. काही कुत्र्यांच्या कातडीस निकेलाचा संसर्ग सोसत नाही. कडीच्या नेमक्या जागी केस जाऊन लाली दिसली तर हा संशय घ्यावा.

माप

पट्टा व मान ह्यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकावीत, हा प्रचलित नियम योग्य आहे. पण पोहणाऱ्या कुत्र्याचे माप दोनदा घ्यावे, एकदा कोरड्या अंगावर आणि एकदा पूर्ण भिजल्यावर. दाट केसांच्या कुत्र्याचे केस भिजून दबले की कोरडेपणी बरोबर वाटणारा पट्टा सैल होतो. सैल पट्टा हा आवळ पट्ट्याइतकाच वाईट. पाणी कापताना पुढचा पाय त्यात अडकू शकतो किंवा खालचा जबडा त्यात शिरून तोंड मिटेनासे होते. कारवान किंवा पश्मी जातीच्या कुत्र्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे डोके अरुंद व मान लांब असल्यामुळे साधा पट्टा पाण्यात सहज निसटतो. तो निसटू नये म्हणून अधिक आवळणे हे उत्तर नव्हे. अशा कुत्र्यास पाण्यात बिनपट्ट्याचेच राहू द्यावे.

औषधी पट्टा व नदी

गोचीड व पिसवा ह्यांच्या नाशासाठी औषध भरलेले पट्टे मिळतात. त्यांतील औषध हळूहळू केसांवर पसरते, आणि कुत्रे पोहू लागले की त्यातील काही अंश पाण्यात जातो. ह्यामुळे दुहेरी हानी होते. एक तर पट्ट्याचा प्रभाव ठरल्या मुदतीपूर्वी ओसरतो. दुसरे असे की, ह्या पट्ट्यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये माशांस अत्यंत विषारी आहेत, आणि इमिडाक्लोप्रिड हे जलकीटकांस घातक आहे. इंग्लंडमधील २० नद्यांच्या २०१६ ते २०१८ ह्या काळातील नमुन्यांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. त्यात इमिडाक्लोप्रिड ६६ टक्के नमुन्यांत, तर पाळीव प्राण्यांवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे दुसरे कीटकनाशक ९८ टक्के नमुन्यांत आढळले. एकलहऱ्याहून गोदावरी पुढे नांदूरमध्यमेश्वर येथे जाते, आणि तेथील पाणथळ जागेस २०२० साली राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून मान्यता मिळालेली आहे. तेथील पक्ष्यांचे अन्न म्हणजे हेच मासे आणि हेच कीटक. म्हणून औषधी पट्टा पाण्यापूर्वी काढून कोरड्या पिशवीत ठेवावा आणि अंग पूर्ण वाळल्यावरच पुन्हा घालावा. रोज पोहणाऱ्या कुत्र्यास गोचिडीवर दुसरा उपाय योजणे बरे. त्याबाबत पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

निगा

पट्ट्याची निगा ही वस्तुतः मानेची निगा होय. ओला पट्टा गळ्यात तसाच राहिला की त्याखालील कातडी ऊब व ओल ह्यांमुळे मऊ पडते, घासली जाते, आणि एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू व किण्व तेथे वाढू लागतात. प्रथम केस चिकट होतात, मग खाज सुटते, आणि कुत्रे पायाने खाजवून दोन दिवसांत तळहाताएवढी ओली जखम करून घेते. उष्ण हवेत माशा बसून अशा जखमेत किडे पडण्याची भीती असते. खिळ्यांच्या जाड पट्ट्याखाली ही जखम बाहेरून दिसतही नाही. म्हणून पाण्याबाहेर येताच पट्टा काढणे, मान फडक्याने टिपणे आणि केस बाजूस सारून बोटांनी कातडी चाचपणे ही तीन कामे न चुकता करावीत. लाली, ओल किंवा दुर्गंधी आढळल्यास जखम पूर्ण बरी होईपर्यंत पट्टा घालू नये.

पट्ट्याची स्वच्छता पुढीलप्रमाणे करावी. नदीवरून आल्यावर तो प्रथम स्वच्छ पाण्यात खळबळून गाळ, वाळू व राखेचे कण काढून टाकावेत. हे कण विणीत राहिले तर पट्टा वाकताना कानशीसारखे धागे झिजवितात. नायलॉन व पॉलिएस्टरचा पट्टा आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवावा. नायलॉनला विरंजक चूर्ण व तीव्र आम्ल ह्यांपासून जपावे, तर पॉलिएस्टरला तीव्र क्षारापासून. कोणताही पट्टा सावलीत, वाऱ्यावर आणि बकल उघडून टांगून वाळवावा. कातड्याचा पट्टा चुलीजवळ किंवा उन्हात कधीही वाळवू नये. तो अर्धवट ओला असतानाच एरंडेलाचा हात हलकेच फिरवावा, म्हणजे पाणी उडून जाताना तेल त्याची जागा घेते. महिन्यातून एकदा शिवण, कडीचा जोड व बकलेचे दात नीट पाहावेत. शिवणीचे दोन टाके सुटले असतील तर तिसऱ्याची वाट पाहू नये.

पट्टा काढला की कुत्र्याची ओळख जाते, ही शंका रास्त आहे. गळ्यात पट्टा असलेले कुत्रे पाळीव आणि बहुधा लस टोचलेले, असा लोकांचा समज असतो. त्यासाठी एक उपाय असा की, मालकाचा दूरध्वनी क्रमांक लोंबत्या बिल्ल्यावर न कोरता पट्टीवरच शिवून घ्यावा, म्हणजे अडकण्याजोगे काही राहत नाही. दुसरा व अधिक पक्का उपाय म्हणजे पशुवैद्याकडून कातडीखाली बसविण्यात येणारी सूक्ष्म चकती. तिच्यातील १५ अंकी क्रमांक यंत्राने वाचता येतो आणि तो पाण्यात कोठेही निसटत नाही.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे की, सर्व प्रसंगांस पुरेल असा एकच पट्टा असू शकत नाही. जमिनीवर पट्ट्याने कुत्र्यास धरून ठेवावयाचे असते. बिबट्याच्या वाटेवर त्याने गळा झाकावयाचा असतो. आणि पाण्यात, वेळ आलीच तर, त्याने कुत्र्यास सोडून द्यावयाचे असते. हे तिन्ही गुण एका पट्ट्यात आणू पाहणे म्हणजे कुलूप आणि उघडे दार एकाच जागी मागण्यासारखे आहे. म्हणून मळ्यातील कुत्र्यास दोन पट्टे असावेत. पहिला रात्रीचा, जाड, खिळ्यांचा आणि आतून मऊ कातडे लावलेला. दुसरा दिवसाचा, हलका, पाणी न शोषणारा आणि ओढ बसताच सुटणारा. परिचित व संथ पाण्यात तर दुसऱ्याचीही गरज नाही, कारण मोकळी मान हीच पोहणाऱ्या कुत्र्याची सर्वांत सुरक्षित स्थिती होय.

ह्यासाठी होणारा खर्च थोडा आहे. नियमितपणा मात्र हवा. ओट्यावर शेजारी शेजारी दोन खुंट्या ठोकाव्यात. कुत्रे नदीकडे निघण्यापूर्वी जड पट्टा एका खुंटीवर जावा आणि ते परतल्यावर ओला पट्टा दुसऱ्या खुंटीवर वाळत पडावा. दिवेलागणीच्या आधी, मान कोरडी झाली आहे हे हाताने चाचपून पाहून, खिळ्यांचा पट्टा पुन्हा गळ्यात बांधावा. विसर पडण्याची खरी भीती आहे ती ह्या शेवटच्या कामाचीच. कारण नदीचा धोका दिवसा डोळ्यांसमोर असतो, बिबट्या मात्र अंधार पडल्यावरच उसातून बाहेर येतो.